पर्वतदर्शन आणि प्रवाशाचे कर्तव्य

देशाटनाची हौस हे समाजाच्या उत्कर्षाचे एक लक्षण मानले जाते, आणि ते यथार्थच आहे. मॉरिशसमधील मराठी समाजाच्या बाबतीत तर या लक्षणाला विशेष अर्थ आहे. १८६७ च्या मजूर कायद्यान्वये कराराची मुदत संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या ठरवून त्याची रवानगी तुरुंगात होई. एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर बहिणीला भेटावयास जाणे हेही ज्यांना निर्धास्तपणे साधत नव्हते, त्यांची पणतवंडे आज शाळांना सुटी पडताच विमानात बसून चारएक तासांत दक्षिण आफ्रिकेत उतरतात. ही गोष्ट कोणालाही समाधान देणारीच आहे.

या सहलींचा क्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. जोहान्सबर्गची मोठमोठी दुकाने, क्रूगर अभयारण्यातील सिंह आणि हत्ती, डर्बनचा समुद्रकिनारा व तेथील मसाल्यांचा बाजार, आणि या सर्वांच्या मधोमध एखादी रात्र ड्रॅकेन्सबर्ग पर्वताच्या पायथ्याशी. पर्वताच्या वाट्याला बहुधा सर्वांत कमी वेळ येतो. संध्याकाळी पोहोचावे, सकाळी कड्यांकडे पाठ करून छायाचित्रे काढावीत, न्याहारी उरकावी आणि मोटारीत बसावे. घरी परतल्यावर कोणी विचारले, तर ‘फार सुंदर जागा आहे, अगदी शांत, माणूस म्हणून दृष्टीस पडत नाही’ एवढे वर्णन पुरेसे होते.

या वर्णनाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धाचा मात्र विचार व्हावयास हवा. माणूस तेथे दृष्टीस पडत नाही, तो तेथे कधी नव्हता म्हणून नव्हे. तो तेथून घालवला गेला म्हणून. जो पर्वत मुळात रिकामा आहे आणि जो रिकामा केला गेला आहे, या दोहोंत फार अंतर आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावे जहाजावरील यादीत एका क्रमांकाआड दडली, त्यांच्या वंशजांनी तरी हे अंतर ओळखल्यावाचून तेथून परतू नये.

प्रथम पर्वताचेच स्वरूप पाहू जाता त्याच्या नावांपासूनच प्रारंभ करणे सोयीचे होईल. डच वसाहतवाल्यांनी त्याला ड्रॅकेन्सबर्ग, म्हणजे अजगरासुराचा पर्वत, असे म्हटले. झुलू भाषेत त्याचे नाव उखाहलांबा. त्याचा अर्थ भाल्यांची भिंत. पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की हे दुसरे नाव किती समर्पक आहे ते कळते. उत्तरेकडील रॉयल नाताळ उद्यानात सुमारे पाच किलोमीटर लांबीची एक अर्धवर्तुळाकार कातळभिंत आहे. तिच्या माथ्यावरून थुकेला नदी पाच टप्प्यांत ९४८ मीटर खाली झेप घेते, आणि जगातील सर्वांत उंच धबधब्यांत तिची गणना होते. नदी जेथे उगम पावते त्या पठारी शिखराला १८३६ साली फ्रेंच धर्मोपदेशकांनी मोंतोसुर्स, म्हणजे उगमांचा पर्वत, असे नाव दिले. तेथून एका बाजूचे पाणी हिंदी महासागराला मिळते आणि दुसऱ्या बाजूचे ऑरेंज नदीवाटे थेट अटलांटिक महासागराला. शेजारच्या लेसोथो देशातील थबाना न्त्लेन्याना हे ३,४८२ मीटर उंचीचे शिखर तर साऱ्या दक्षिण आफ्रिका खंडभागात सर्वोच्च आहे.

मराठी माणसाला या पर्वताची ओळख पटावयास फार वेळ लागू नये. हा पर्वत हिमालयासारखा शिखरांची रांग नव्हे. तो एका विशाल पठाराची तुटलेली कडा आहे. वर लेसोथोचे उंच माळरान, खाली नाताळ प्रांताचा उताराचा हिरवा मुलूख आणि मग समुद्र. हीच रचना सह्याद्रीची आहे: वर देश, खाली कोकण आणि पलीकडे अरबी समुद्र. रत्नागिरीकडचे जे शेतकरी मुंबई बंदरातून मॉरिशसच्या जहाजावर चढले, त्यांनी जन्मभर पूर्वेला मान वर करून अशीच एक काळी भिंत पाहिली होती. दोन्हीकडचा कातळही एकाच जातीचा, लाव्हारसाचे थरावर थर बसून झालेला. ड्रॅकेन्सबर्गचे थर सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे, सह्याद्रीचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मॉरिशस बेट त्या मानाने अगदीच बाल, सुमारे ऐंशी लक्ष वर्षांचे. परंतु भूशास्त्रज्ञ असे मानतात की, पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण झोताने सह्याद्रीचा लाव्हा वर आणला, त्याच झोताने पुढे मॉरिशस आणि रियुनियन ही बेटे घडवली. तेव्हा मॉरिशसवासी मराठी माणूस या पर्वतापाशी उभा राहतो, तो अगदीच परका म्हणून नव्हे.

या लाव्ह्याच्या कातळाखाली फिकट पिवळसर वालुकाश्माचा एक थर आहे. प्राचीन वाळवंटातील वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन तो बनला. पाण्याने व वाऱ्याने तो पोखरला जाऊन त्यात जागोजागी उथळ गुहा झाल्या आहेत. पर्वताचा खरा इतिहास या गुहांत आहे.

सान नावाचे लोक, ज्यांना गोऱ्यांनी बुशमन म्हटले, ते हजारो वर्षे या पर्वतात शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहत होते. त्यांनी गुहांच्या भिंतींवर गेरू, पांढरी माती आणि कोळसा यांच्या रंगांनी चित्रे काढली. उद्यानाच्या हद्दीत अशी सहाशेंहून अधिक ठिकाणे असून चित्रांची संख्या सुमारे ३५,००० भरते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस एवढा मोठा चित्रसंचय एका जागी अन्यत्र नाही. चित्रांत सर्वांत अधिक मान एलंड या थोरल्या हरणाला आहे. त्याच्या मानेची वळी, खांद्याचा उंचवटा, अंगावरील तांबड्यापासून पांढऱ्यापर्यंत विरत जाणारा रंग, सारे काही असे उतरले आहे की, ज्याने ते प्राणी आयुष्यभर न्याहाळले त्याच्याच हाताला ते साधावे. कांबर्ग येथील एका गुहेत मरणोन्मुख एलंडची शेपटी धरून उभा असलेला एक माणूस आहे. त्याचे पाय एलंडच्या पायांसारखे एकमेकांत अडकलेले आहेत आणि पावलांच्या जागी खूर आहेत.

पुष्कळ काळपर्यंत अशा चित्रांना रानटी लोकांची करमणूक समजण्यात आले. डेव्हिड लुइस-विल्यम्स आदी अभ्यासकांनी गेल्या पन्नास वर्षांत दाखवून दिले की, ही चित्रे धर्माची आहेत. रात्रभर नाचून ज्यांच्या अंगात येई, जे त्या अवस्थेत रोग्याला बरे करीत व पावसाला बोलावीत, त्यांचे अनुभव या भिंतींवर उमटले आहेत. ज्यांच्या गावदेवतेच्या उत्सवात अंगात येणे ही नित्याची गोष्ट होती, त्या कोकणी घरांतील वाचकांना हे समजणे कठीण जाऊ नये. गुहेची भिंत हे त्या लोकांचे देवालय होते.

असे हे लोक गेले कोठे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाताळमध्ये गोऱ्या शेतकऱ्यांची वस्ती वाढली. शिकारीची जनावरे बंदुकीने संपत चालली. सान लोकांनी घोडे व गुरे पळवण्यास सुरुवात केली, आणि त्यांच्या पाठलागावर सशस्त्र टोळ्या निघू लागल्या. काही मारले गेले, काही पर्वतापलीकडे गेले, काही शेजारच्या बांटू समाजांत मिसळून गेले. शतक संपता संपता या पर्वतातील त्यांचे स्वतंत्र जीवन संपले. तथापि जाण्यापूर्वी त्यांनी घोड्यांवर बसलेले व बंदुका घेतलेले स्वारही त्याच भिंतींवर रंगवून ठेवले. आपल्या अंताची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सान लोकांना अडवण्यासाठी नाताळ सरकारने १८४९ च्या सुमारास जायंट्स कॅसल या शिखराखालच्या टापूत ह्लुबी लोकांना वसवले. एका दुर्बळाच्या वाटेत दुसरा दुर्बळ उभा करण्याची ही राजनीती वसाहतींच्या इतिहासात नवी नाही. ह्लुबींचा राजा लांगालिबालेले पाऊस पाडणारा म्हणून विख्यात होता. त्याची तरुण माणसे किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर कामाला जात आणि मजुरीच्या मोबदल्यात बंदुका घेऊन परतत. १८७३ साली सरकारने त्या बंदुकांची नोंद करण्याचा हुकूम काढला. घामाने मिळवलेली वस्तू एकदा कचेरीत दिली की परत येईल याचा भरवसा नव्हता. राजाने टाळाटाळ केली, आणि फौज चालून येताच तो आपल्या लोकांसह डोंगर ओलांडून निघाला. ४ नोव्हेंबर १८७३ रोजी खिंडीच्या माथ्यावर चकमक झाली व सरकारी बाजूचे पाच जण पडले. त्याचा सूड भयंकर होता. ह्लुबींची जमीन व गुरे जप्त झाली, कित्येक माणसे मारली गेली, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना गोऱ्यांच्या शेतांवर सक्तीच्या कामाला वाटून देण्यात आले. राजावर खटल्याचा देखावा होऊन १८७४ साली त्याला रॉबेन बेटावर पाठवण्यात आले. बिशप कोलेन्सो यांनी या अन्यायाविरुद्ध लंडनपर्यंत दाद मागितली, म्हणून त्याची आठवण कागदोपत्री तरी शिल्लक राहिली. आज ती खिंड लांगालिबालेलेच्याच नावाने ओळखली जाते.

याच पाठलागाच्या धामधुमीत एक विलक्षण गोष्ट घडली. जोसेफ ऑर्पेन नावाचा एक सरकारी अधिकारी लांगालिबालेलेची वाट अडवण्यासाठी फौज घेऊन लेसोथोच्या डोंगरांत शिरला. वाट दाखवावयास त्याला क्विंग नावाचा एक तरुण सान माणूस मिळाला. मुक्कामाच्या वेळी ऑर्पेनने त्याला गुहांतील चित्रांचा अर्थ विचारला, आणि क्विंगने आपल्या लोकांच्या कथा सांगून एकेक चित्र उलगडले. ऑर्पेनने ते १८७४ साली छापून प्रसिद्ध केले. पुढे शंभर वर्षांनी अभ्यासकांना या चित्रांची जी किल्ली सापडली, तिच्यात त्या थोड्या पानांचा वाटा मोठा आहे. ऑर्पेन काही विद्येच्या ओढीने तेथे गेला नव्हता. एका राजाला पकडण्याच्या कामावर तो गेला होता. तरीसुद्धा त्याने विचारले, म्हणून एका संपूर्ण जनसमूहाचे मन जगाला थोडेफार कळू शकले. विचारणाऱ्याचे महत्त्व एवढे आहे. हातात केवळ छायाचित्रणाचे यंत्र घेऊन जाणाऱ्या, कोणाचा पाठलाग न करणाऱ्या, सुखवस्तू प्रवाशाने एकही प्रश्न न विचारता परत यावे, याला काय म्हणावे?

जायंट्स कॅसलचे राखीव अरण्य १९०३ साली स्थापन झाले ते मुख्यतः उरल्यासुरल्या एलंडच्या रक्षणासाठी. उत्तरेकडील नाताळ राष्ट्रीय उद्यान १९१६ सालचे. १९४७ साली इंग्लंडचे राजघराणे तेथे येऊन राहिल्यावर त्याला ‘रॉयल’ हे बिरुद लागले. २००० साली हा सारा २,४२,८१३ हेक्टरांचा प्रदेश निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही कसोट्यांवर जागतिक वारसा ठरला, आणि २०१३ साली लेसोथोमधील सेहलाबाथेबे उद्यानही त्यात समाविष्ट झाले. संरक्षणाचे हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. त्यावाचून दाढीवाल्या गिधाडाची ती शेवटची थोडी घरटी उरली नसती, आणि कोट्यवधी लोकांना पाणी पुरवणारी ती गवताळ माळराने नांगराखाली गेली असती. पण हरणासाठी राखलेल्या या भूमीत हरणाचे चित्र काढणाऱ्याला जागा उरली नव्हती, ही विसंगतीही प्रवाशाच्या ध्यानात असावी.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हा इतिहास सान लोकांचा, ह्लुबींचा आणि गोऱ्यांचा. मॉरिशसच्या मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. नाताळमध्ये उसाची लागवड सुरू झाली ती मॉरिशसहून आणलेल्या बेण्यावर, आणि भारतीय मजूर आणण्याची कल्पनाही मॉरिशसच्या मळेवाल्यांचे उदाहरण पाहूनच तेथे रुजली. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ हे पहिले जहाज डर्बनला लागले. १९११ पर्यंत १,५२,१८४ माणसे गिरमिटावर तेथे उतरली. बहुतेक मद्रास आणि कलकत्ता या बंदरांतून. १८६६ मध्ये थांबलेली ही भरती पुन्हा सुरू झाली ते वर्ष १८७४. एकाच वर्षी ह्लुबींचा राजा बेटावर बंदिवान होतो आणि समुद्रापलीकडून मजुरांची जहाजे पुन्हा येऊ लागतात. जमीन काढून घेणे आणि त्या जमिनीवर राबावयास परक्यांना आणणे ही एकाच हिशेबवहीची दोन पाने आहेत. दुसरे पान तोंडपाठ असलेल्याने पहिले पान न वाचता वही मिटावी, हे शोभणारे नाही.

या प्रदेशाशी मराठी नावाचा संबंधही आहे, आणि तो अभिमानाचा आहे. गिरमिटाची नाताळकडील भरती थांबवावी असा ठराव १९१० साली कलकत्त्याच्या विधिमंडळात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी, आणि पुढच्या वर्षी ती भरती बंद झाली. गोखले हे रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावचे. म्हणजे मॉरिशसमधील कित्येक मराठी घराण्यांच्या मूळ मुलखातले. १९१२ साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू यांच्यासमोर ते मराठीत बोलले, आणि त्यांचे भाषण हिंदुस्थानीत उलगडून सांगितले गांधीजींनी. मुक्त झालेल्या मजुरांवरील तीन पौंडांचा जुलमी कर रद्द करण्याचे आश्वासन गोखल्यांना मिळाले होते. ते पाळले गेले नाही, म्हणून १९१३ चा प्रचंड संप झाला. न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींतील मजूर बायकामुलांसह निघाले आणि दोन हजारांहून अधिक लोकांचा तो मोर्चा ट्रान्सवालच्या हद्दीकडे गेला, तो याच पर्वतरांगेच्या उत्तर टोकाकडील वाटेने. १९१४ साली तो कर रद्द झाला. सहलीची मोटार त्या बाजूने जाते तेव्हा कितीजण मुलांना ती वाट दाखवतात?

या मजुरांच्या वंशजांना पुढे हा पर्वत मोकळा होता असेही नाही. १९५३ च्या स्वतंत्र सोयींच्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील सार्वजनिक जागा कातडीच्या रंगानुसार वाटून टाकल्या. समुद्रकिनारा, बाक, उपाहारगृह, विश्रामगृह, सर्वत्र पाटी लागली. आणि वाट्याला आलेली जागा बरोबरीची असलीच पाहिजे असेही बंधन कायद्याने ठेवले नाही. तो कायदा १९९० साली रद्द झाला. म्हणजे डर्बनमधील भारतीय वंशाच्या माणसाला आपल्याच प्रांतातील पर्वताजवळ बरोबरीच्या नात्याने मुक्काम करता येऊ लागला त्याला अजून दोन पिढ्याही झालेल्या नाहीत. आज मॉरिशसचा पाहुणा तेथील विश्रामगृहात निश्चिंतपणे चहा घेतो, तो चहा कोणीतरी फार मोठी किंमत देऊन मिळवून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप असा की, सुटी ही विश्रांतीसाठी असते. तिच्यावर इतिहासाचे ओझे लादू नये. हा आक्षेप वरकरणी रास्त दिसतो. परंतु हीच मंडळी महाराष्ट्रात गेली म्हणजे काय करतात? रायगडावर चढून जातात, वाटाड्याला थांबवून थांबवून प्रश्न विचारतात, राज्याभिषेकाची जागा कोणती, बाजारपेठ कोठे होती, हे सारे ऐकताना ऊन लागत आहे याचेही भान त्यांना राहत नाही. तेथे इतिहासाचे ओझे होत नाही. उलट त्यावाचून गड म्हणजे नुसता दगडांचा ढीग वाटेल असे ते म्हणतात. मग ड्रॅकेन्सबर्गच्या पायथ्याशीच ओझे का वाटावे? याचे प्रामाणिक उत्तर थोडे कटू आहे. रायगडावरचा इतिहास स्वतःच्या लोकांचा वाटतो, आणि गुहेतला इतिहास काळ्या लोकांचा वाटतो. आफ्रिकी माणसाविषयीचा जो अनादर वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी सर्वांच्या मनात पेरला, त्याचे तण गिरमिटियांच्या घरांतूनही अजून पुरते उपटले गेलेले नाही. गालिचे आणि टोपल्या विकणाऱ्या बाईशी चार नाण्यांसाठी घासाघीस करणे, वाटाड्याला नकार देऊन पैसे वाचवणे, खेड्यातून जाताना मोटारीच्या काचा वर करून घेणे, ही त्याचीच लक्षणे होत. यांना काटकसर किंवा सावधपणा म्हटल्याने त्यांचे मूळ बदलत नाही.

या दृष्टीने पाहता प्रश्न केवळ परदेशच्या पर्वताचा राहत नाही. मॉरिशसमध्येही असाच एक पर्वत आहे. ल मोर्नच्या कड्यावर मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी आश्रय घेतला होता. मुक्तीची बातमी सांगावयास आलेल्या शिपायांना पकडणारे समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली; करारबद्ध मजुरांचा आरंभ मानला जातो तो २ नोव्हेंबर १८३४. या दोन तारखांत तीनच महिन्यांचे अंतर आहे. आप्रवासी घाट २००६ साली आणि ल मोर्न २००८ साली जागतिक वारसा ठरला. त्यांतही अंतर दोनच वर्षांचे. घाटाच्या सोळा पायऱ्यांपाशी दरवर्षी मुलांना नेणारी किती मराठी कुटुंबे १ फेब्रुवारीला ल मोर्नच्या पायथ्याशीही नेतात, याचा ज्याने त्याने विचार करावा. घरच्या पर्वताकडे जो डोळसपणे पाहील, त्यालाच दूरच्या पर्वताचे खरे दर्शन घडेल.

टीका करून थांबणे योग्य होणार नाही. म्हणून काही साध्या सूचना येथे नमूद करणे आवश्यक आहे. पहिली सूचना पूर्वतयारीची. सहलीपूर्वी एखादी संध्याकाळ बैठकेत एकत्र जमून नकाशा पसरावा, आणि मुलांनी एकेक विषय वाटून घ्यावा: एकाने खडक, एकीने चित्रे, एकाने लांगालिबालेले, एकीने १९१३ चा मोर्चा. जे मूल स्वतः सांगते ते त्याच्या स्मरणात राहते, हा शाळांतला रोजचा अनुभव आहे.

दुसरी सूचना मुक्कामाची. पर्वताला किमान दोन रात्री द्याव्यात आणि एक पूर्ण दिवस पायी चालावे. पायथ्याच्या अमाझिझी व अमान्ग्वाने लोकांच्या खेड्यांतून वाटाडे मिळतात. त्यांपैकी एकाला अवश्य बरोबर घ्यावे आणि त्याचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. उन्हाळ्यात दुपारी विजांसह वादळ उठते, थंडीत माथ्यावर बर्फ पडते. तेव्हा सुरक्षिततेच्या दृष्टीनेही वाटाड्यासारखा सोबती नाही.

तिसरी सूचना चित्रांविषयी. ती वाटाड्याबरोबरच पाहावीत, भिंतीला हात लावू नये. पूर्वी रंग उठून दिसावेत म्हणून प्रवासी चित्रांवर पाणी फेकीत आणि कोणी शेजारी स्वतःची नावे कोरीत. त्यामुळे झालेली हानी कधीही भरून येणारी नाही. सह्याद्रीतील गडांच्या बुरुजांवर कोळशाने नावे लिहिणाऱ्यांचीच ती भावंडे. ज्या भिंतीवर मूळ चित्रकाराने आपले नाव लिहिले नाही, त्या भिंतीवर पाहुण्याने आपले लिहावे, यापरता उद्दामपणा नाही.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे. झुलू भाषेत भेटीच्या वेळी ‘सावुबोना’ असे म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘आम्ही तुम्हाला पाहतो’ असा आहे. वाटेत भेटणाऱ्या गुराख्याला, विश्रामगृहातील बाईला, दारावरच्या पहारेकऱ्याला हा एक शब्द म्हणावा. जेथे माणूस दृष्टीस पडत नाही असे सांगितले जाते, तेथे किती माणसे आहेत हे तेवढ्याने कळून येईल.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आजही अनेक कुटुंबे आपल्या पूर्वजांचा शोध घेण्यासाठी जातात. कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले नाव, चुकलेले गाव, आणि काही वेळा एक धूसर छायाचित्र, एवढ्यावर ती समाधान मानतात. कारण कोणीतरी होते, कोठून तरी आले होते, एवढे तरी सिद्ध होते. सान लोकांच्या वाट्याला तेवढेही दप्तर आले नाही. त्यांची नोंद कातळावर आहे आणि ती वाचणारा वाटसरू आला तरच ती जिवंत राहते. स्वतःच्या पणज्याचे नाव जुन्या कागदांत शोधणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या पणज्याचा हात भिंतीवर ओळखावा, एवढीच अपेक्षा आहे. दुरून डोंगर साजरे दिसतात, यात डोंगराचा मोठेपणा आहे. जवळ जाऊन त्याची माणसे ओळखणे, यात प्रवाशाचा.